होडी फंडाचा साग

राजोडी,
ता. ९ डिसेंबर १९४८

आदरणीय बॅप्टिस्टकाका यांस,

रुडॉल्फचा नमस्कार. मावशीकडे सुखरूप आहे. तिचा खोकला उतरला. काल तिच्या वांग्यांना पाणी लावलं. काकूंचा हात आता बरा असेल.

न सांगता पाचूबंदरहून निघालो म्हणून तुम्ही रागावला असाल. नाही, रागावला नसाल. तीच तर पंचाईत आहे. वादळानंतर किनाऱ्यावर स्वतःच्या फुटक्या होडीच्या फळ्या गोळा करता करता तुम्हीच माझ्या पाठीवर हात ठेवलात. "बाजार पडला, त्याला तू काय करनार, पोरा?" म्हणालात. ते ऐकल्यावर तिथे राहवेना.

दोन वर्षांपूर्वीची सभा आठवते? कुणाची होडी फुटली की फंडाने नवी द्यायची, म्हणून जुन्या लोकांनी फंडाचे पैसे तीन ठिकाणी ठेवले होते. काही सरकारी रोख्यांत, काही पोस्टाच्या सर्टिफिकिटांत, आणि उरलेल्याचे सागाचे ओंडके घेऊन शेडमध्ये रचलेले. मी नवा चिटणीस. तुमच्या पॉलिनवाचून मुंबईत जीव रमेना म्हणून कॉलेज अर्धवट टाकून आलेला, अर्थशास्त्राची दोन पुस्तकं वाचलेला. उभा राहून ओरडलो, "हे झोपलेलं भांडवल आहे! वाळवी खाते तेवढंच याचं व्याज! विकून शेअर घ्या!"

"आरं, तुझ्या शेअरच्या कागदावर बसून मासं मारायला जानार काय आमी?" तुम्ही म्हणालात.

सगळे हसले. दाराशी उभी असलेली पॉलिनही हसली. ते मला झोंबलं. तावातावाने आकडे फेकले, राजीनाम्याची धमकी दिली आणि मतं मिळवली. साग विकला, रोखे विकले, सर्टिफिकिटं मोडली, गिरणीचे न् एका जहाज कंपनीचे शेअर घेतले.

साग व्याजासाठी नव्हताच, हे आत्ता कळतं. लाकूड महागलं की होडी महागते. पण लाकूड शेडमध्ये असलं की फंडाला त्याची झळ नाही. एवढं साधं होतं.

चूक एवढीच असती तर मी तोंड लपवलं नसतं, काका.

गेल्या फेब्रुवारीत दलालाचं पत्र आलं होतं. भाव घसरताहेत, आज विकलंत तर रुपयाचे बारा आणे तरी हाती येतील, ताबडतोब कळवा. ते मी कुणालाच दाखवलं नाही. त्याच रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तुमच्याकडे पॉलिनला मागणी घालायला यायचं होतं. फंड बुडवणाऱ्याला तुम्ही मुलगी दिली असती? वाटलं, भाव चढतील. नऊ महिने वाटतच राहिलं. आज पाच आणे उरलेत, आणि साग दुपटीने महाग.

तुम्हाला नवी होडी मिळत नाही ती बाजारामुळे नव्हे. या वयात दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाता, ते माझ्यामुळे.

येत्या रविवारच्या सभेत हे सगळं सांगणार आहे. पण तुम्हाला ते चारचौघांत पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र.

नाताळानंतरच्या लग्नाचा शब्द तुम्ही मला खरा माणूस समजून दिला होतात. तो तुम्हाला मोडावा लागू नये. मीच परत करतो. पॉलिनला वेगळं लिहायला घेतलं, चारदा फाडलं. तिला हेच वाचून दाखवा. माझी दया येऊन मधलं काही गाळू नका.

आजवर तुम्हाला लिहिताना खाली 'आपला मुलगा' लिहीत आलो. आज हात धजत नाही.

रुडॉल्फ