पहिली रांग, सात नंबर

३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.४०
मंडळाचा फोन आला. आला एकदाचा! चार वर्षं आणि दोन महिने वाट पाहायला लावली, पण शेवटी माणसाची किंमत कळतेच.

संगीत मंडळाला पन्नास वर्षं होताहेत. तीस तारखेला मोठ्या सभागृहात कार्यक्रम. त्यात एक जुना श्रोता स्टेजवर येऊन आपल्या आवडत्या मैफलींच्या आठवणी सांगणार. दहा मिनिटं. फोन बायकोने घेतला, मी दाढी करत होतो. एवढं सांगून ती पुढे काहीतरी म्हणत होती, पण मी म्हटलं थांब, आधी माझं रायटिंग पॅड कुठंय ते बघ.

दहा मिनिटं कसली पुरतात? सत्तावीस वर्षं मी शहरातली एकही मोठी मैफल चुकवलेली नाही. पहिली रांग, सात नंबर. आठ नंबरवर ही. दर वेळी कॉम्प्लिमेंटरी पास घरपोच. ऑफिसातले म्हणायचे, तू परवाना विभागात हॉल इन्स्पेक्टर आहेस म्हणून पास येतात. पोटात दुखत होतं त्यांच्या. दर्दी माणूस समोर बसला की कलाकाराला हुरूप येतो, हे मंडळाला पक्कं ठाऊक होतं.

रिटायर झालो त्याच महिन्यात पास बंद झाले हे खरं आहे. पण त्याच सुमाराला आमचा पोस्टमन बदलला होता.

४ ऑक्टोबर, सोमवार
निश्चय. रोज पहाटे पाचला उठून दोन पानं लिहायची. तीस तारखेपर्यंत बावन्न पानं होतील. त्यातली उत्तम दहा मिनिटं स्टेजवर, बाकीचं पुस्तक.

माळ्यावरून जुन्या डायऱ्यांची पेटी काढली. सत्तावीस डायऱ्या, प्रत्येक मैफलीची नोंद त्याच दिवशी केलेली. ही शिस्त हल्ली कुणाकडे आहे? पेटीत माझा ऑफिसचा टॉर्चही सापडला. स्टीलचा, पाच इंची. नवे सेल घातले. लख्ख पेटला. जुनी वस्तू आणि जुना माणूस, दोघांना तोड नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.१५
पहाटे पाचला जाग आली नाही. गजर लावायचं हिच्या लक्षात राहिलं नाही.

डायऱ्या उघडल्या. पहिलीच नोंद त्या मोठ्या गायिकेची. ती बाई आयुष्यात एकदाच आपल्याकडे गायली. मी लिहिलंय: “सुरुवात २२ मिनिटं उशिरा. ‘क’ रांगेत तीन खुर्च्यांचे हात सैल. उत्तरेचं दार आतून कडी लावलेलं. नोटीस द्यावी.”

बस्स. ती काय गायली ते लिहिलेलं नाही.

पुढची नोंद बासरीची. “पुरुषांच्या टॉयलेटमध्ये पाणी नाही. पंखा क्र. ४ आवाज करतो.” त्याच्या पुढची, सतारीची: “वाळूच्या बादल्यांत सिगारेटची थोटकं.”

काही हरकत नाही. नोंदी म्हणजे नुसती खुंटी, आठवण आपोआप येऊन टांगली जाते. दुपारी शांतपणे बसतो.

६ ऑक्टोबर. संध्याकाळी ५
शांतपणे बसलो. फक्त थोटकं आठवली.

७ ऑक्टोबर, गुरुवार
सहज म्हणून हिला विचारलं, ती मोठी गायिका आठवते का गं? ही मशीनवर कुणाचा तरी पडदा शिवत होती. मान वर न करता म्हणाली की त्या बाईंना ताप होता. पहिला सूर लागलाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तेव्हा त्या स्वतःशीच मोठ्याने हसल्या, गरम पाणी प्यायल्या आणि इतक्या हळू सुरुवात केली की सगळा हॉल पुढे वाकून ऐकायला लागला. मग सुईत दोरा ओवून म्हणाली, तुम्ही तेव्हा दारं तपासत होतात.

ताप! बरोबर. मलाही लगेच आठवलं. सगळं लिहून काढलं, अर्धं पान झालं. दारांचं गाळलं.

९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०
ही बहिणीकडे गेली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जाते, चार वर्षं झाली. मी कधी हरकत घेतली नाही. माणसाने बायकोला मोकळीक दिली पाहिजे.

मघाशी त्या बहिणीचाच फोन आला. ताई आहे का म्हणून विचारत होती. म्हटलं, ती तर तुझ्याकडे आलीय. म्हणाली, माझ्याकडे? हो हो, येतच असेल. रस्त्यात चुकामूक झाली असणार. हल्ली बसेस कुठूनही जातात.

लिखाण: शून्य. घरात कुणी नसलं की एकाग्रता होत नाही.

८.१०. ही आली. एकदम खुशीत. काहीतरी नवीनच गुणगुणत होती. बहिणीने रेडिओ घेतलेला दिसतो.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, तुमची सगळ्यात आवडती मैफल कोणती? क्षणभरही विचार न करता सांगितलं, व्हायोलिनची. बावीस वर्षांपूर्वीची.

काय तो प्रसंग! थोर वादक, वय सत्तरीच्या पुढे, हॉल खचाखच. आणि मध्येच वीज गेली. इमर्जन्सी लाइट एकही लागला नाही. चारशे माणसं काळोखात. चेंगराचेंगरी झाली असती तर? मी टॉर्च घेऊन मधल्या वाटेने आत गेलो, टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं आणि नियम चौदाप्रमाणे अख्खा हॉल रांगेने बाहेर काढला. एक माणूस जखमी नाही! मंडळाकडून आभाराचं पत्र यायला हवं होतं. नाही आलं. उलट त्या वेळचे अध्यक्ष सहा महिने माझ्याशी बोलत नव्हते. जाऊ दे. तीस तारखेला सगळ्यांसमोर हिशोब चुकता होईल.

मुलगी म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का या मैफलीबद्दल? तिला काय विचारायचं? ती आठ नंबरवर नुसती बसून होती. जबाबदारी माझ्यावर होती.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४
तालीम. आरशासमोर, घड्याळ लावून. व्हायोलिन दोन मिनिटं, गायिका एक मिनिट, मंडळाच्या पार्किंगविषयी दोन शब्द. साडेतीन मिनिटांत संपलं. उरलेली साडेसहा मिनिटं उत्स्फूर्त बोलेन. उत्स्फूर्त काय बोलायचं ते उद्या लिहून काढतो.

घरात शांतता म्हणून नाही. इथे एक माणूस संगीतावर चिंतन करतोय आणि आतल्या खोलीत ही मशीन चालवत सारखी गुणगुणतेय. तेच ते, वर वर चढत जातं आणि एका जागी येऊन अडकतं. पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं ऐकतोय. दोनदा दार लावून घेतलं. शेवटी म्हटलं, एक तर पुरं कर नाही तर बंद कर. ती म्हणाली, पुरं होत नाही हो.

मग कशाला गायचं?

१९ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११
पत्रिका आली. जाड कागद, सोनेरी अक्षरं. “एका श्रोत्याच्या आठवणी” आणि त्याखाली हिचं नाव.

पन्नास वर्षांचं मंडळ आणि एक प्रूफ धड वाचता येत नाही. ताबडतोब चिटणिसांना फोन करतो.

११.४५
चिटणिसांशी बोललो. म्हणतात, चूक नाही.

ही चार वर्षं मंडळाची सभासद आहे. स्वतः तिकीट काढून. ‘प’ रांग, खांबाशेजारी. दर महिन्याचा दुसरा शनिवार. आणि प्रत्येक मैफलीनंतर मंडळाला एक पोस्टकार्ड पाठवते, काय ऐकलं, कसं वाटलं. चाळीसच्या वर कार्डं जमली आहेत, कमिटीत मोठ्याने वाचतात म्हणे. वहिनींसारखं ऐकणारं माणूस आम्ही दुसरं पाहिलं नाही, असं ते मला सांगत होते. मला!

विषय बदलावा म्हणून विचारलं, सात नंबरवर हल्ली कोण बसतं? म्हणाले, नवे हॉल इन्स्पेक्टर. म्हटलं, त्याला गाण्यातलं काय कळतं? चिटणीस हसले. म्हणाले, अहो, तोही स्वतःला मोठा दर्दी समजतो.

‘तोही’ कशाला म्हणाले?

२० ऑक्टोबर, बुधवार
अबोला. माझ्याकडून. तिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
लक्षात आलं. म्हणाली, रिटायर झालात त्या वर्षीच मी विचारलं होतं, दोघांची तिकिटं काढू का? तुम्ही म्हणालात, मी? तिकीट काढून? आणि वर म्हणालात, पुन्हा हा विषय घरात नको. म्हणून नाही काढला. फोन आला त्या दिवशीही सांगत होते की माझं नाव आहे, तर तुम्ही पॅड शोधायला पिटाळलंत. नंतर तुम्ही इतके खूश होतात की माझ्याच्याने सांगवेना.

मुद्दा तो नाही. मुद्दा काय आहे ते सवडीने लिहीन.

बहिणीकडे जाते म्हणून मला चार वर्षं फसवलं, हा मुद्दा आहे. तेही तिला तोंडावर सुनावलं. तर म्हणते, मी कधीच तसं म्हटलं नाही. पहिल्या शनिवारी तुम्हीच म्हणालात, बहिणीकडे चाललीस वाटतं, आणि पेपर वर धरलात.

२३ ऑक्टोबर, शनिवार
रात्रभर विचार केला. मोठेपणा आपणच दाखवला पाहिजे. बिचारी स्टेजवर कधी गेलेली नाही, तंतरेल. माझे सगळे कागद तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, घे. गायिकेचं अर्धं पान तयारच आहे. तिने वाचलं, आणि हसू दाबल्यासारखं केलं.

मग म्हटलं, एक मात्र कर, व्हायोलिनची मैफल सांगच. ती म्हणाली, मी तेवढीच सांगणार आहे.

वाटलंच होतं! शेवटी बावीस वर्षांनी का होईना, घरच्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणार. म्हटलं, माझं नाव घ्यायलाच हवं असं नाही, लोक ओळखतील. ती म्हणाली, नाही घेणार.

विनय तिने माझ्याकडूनच उचललाय.

३० ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३.३०
निघतोय. निळा कोट. सवयीने टॉर्च खिशात. वक्त्यांची सोय स्टेजवर, म्हणून हिने स्वतःची जागा मला दिली. ‘प’ रांग, एकतीस. म्हणाली, तिथे आवाज सगळ्यात छान येतो. खांबाआड बसून? पण आज वाद नको.

३१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७
‘प’ ३१. खुर्ची ठीक. दिवे ठीक. आवाज चांगला येतो.

ही तंतरली नाही. घरात बोलते तशीच बोलली. वीज गेली, माइक बंद पडला, पण म्हातारबुवा थांबले नाहीत, काळोखात वाजवतच राहिले. कुणी जागचं हललं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारी कोण बसलंय ते दिसत नव्हतं, पण सगळे एकच ऐकत होते. एकोणीस मिनिटं. सूर वर वर चढत होता आणि आता खाली येणार, एवढ्यात मधल्या वाटेवरून टॉर्चचा गोल उजेड आला आणि कुणीतरी टाळ्या वाजवून ओरडलं, चला, उठा, रांगेने. बुवांनी त्या टॉर्चच्या उजेडातच व्हायोलिन पेटीत ठेवलं. आठ महिन्यांनी ते गेले. ही म्हणाली, तो सूर खाली कसा येणार होता ते मी बावीस वर्षं शोधतेय. शिवताना रोज तिथपर्यंत जाते, पुढे येत नाही.

मग तिने ते गुणगुणून दाखवलं. आणि टॉर्च आला त्या जागी थांबली.

‘प’ बत्तीसवरचा माणूस डोळे पुसून माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, कोण गाढव होता हो तो?

म्हटलं, असेल कुणीतरी.

आज पहाटे पाचला आपोआप जाग आली. ती डायरी काढली. “वीज ६.४८ ला गेली. मीटर रूमला कुलूप, किल्ली मिळण्यात १५ मिनिटं गेली. इमर्जन्सी लाइट बंद. ७.०७ ला हॉल रिकामा करण्यास सुरुवात. कोणी जखमी नाही.” मीटर रूम तळघरात होती. म्हणजे ते व्हायोलिन मी ऐकलंच नव्हतं. काल पहिल्यांदा ऐकलं, तेही अर्धं, आणि अर्धं का, ते मला माहीत आहे. चारशे माणसांत एकालाही माझी गरज नव्हती.

काल रात्री हॉलमधून घरी आलो. जिन्यातला दिवा गेला होता. ही पुढे, मी मागे, आणि ती तेच गुणगुणत होती. खिशात टॉर्च होता. काढला नाही. दुसऱ्या मजल्यावर पायरी चुकली, गुडघा लोखंडी कठड्यावर आपटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर ती थांबली असती.