अकरावी सायन्सची स्वरा

फरवानिया, कुवेत
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सुचित्रामावशी,

नमस्कार. शुद्धलेखन चुकेल, आधीच सॉरी. मराठी टाइप करायला मला खूप वेळ लागतो. बोलून टाइप होतं, पण आई बाजूलाच झोपलीये, तिला हे ऐकू द्यायचं नाहीये.

आई बरी आहे. उजवा हात अजून उचलता येत नाही. बाबांची शुऐबाच्या कारखान्यात डबल शिफ्ट चालू आहे. तू बरी असशील.

शुक्रवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझं ऑनलाइन भाषण सगळ्यांना आवडलं. मला पण. पृथ्वीभोवतीचे ते किरणांचे पट्टे, त्यात वर्षानुवर्षं अडकलेले कण, सूर्यावर वादळ झालं की सॅटेलाइट कसे बिघडतात, आणि तू वीस वर्षं त्याच्यामागेच आहेस.

मग सेक्रेटरी विजयकाकांनी विचारलं, घरात कोणी तुमच्या लाइनीत येतंय का? तू हसून म्हणालीस, "आमची स्वरा आहे ना तिथेच. अकरावी सायन्सला."

मावशी, त्या हॉलमधल्या अर्ध्या घरांत माझ्या हातच्या पोळ्या जातात. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. विजयकाका नवीन आहेत, त्यांना काय माहीत. त्यांनी माइकच माझ्या हातात दिला, म्हणाले आभार भाचीनेच मानायचे. मी माइक तसाच त्यांना परत दिला. तू स्क्रीनवरून म्हणालीस, "लाजते ती." लोक हसले.

मी लाजते, खरंय. पण तेव्हा लाजत नव्हते.

आईला झटका आला तेव्हा तुझं यंत्र सॅटेलाइटवर बसवायचं चाललं होतं. तू बाबांना फोनवर सांगितलंस, "स्वराला वर्षभर घरी ठेवा. लाँच झालं की मी येते." फोन स्पीकरवर होता. मी नववीत होते. लाँच झालं, पेपरात तुझा फोटो आला. आईने तो भिंतीवर लावायला सांगितला, मीच लावला. तू आली नाहीस.

माझी लाज वाटते तर वाटू दे. पण मला खोटं अकरावीत बसवू नकोस. मला दहावी द्यायचीये, बाहेरून, एप्रिलमध्ये. पेपर संपेपर्यंत आईजवळ कोणीतरी पाहिजे. बाबा तुला सांगणार नाहीत. आई म्हणते, तिचं काम मोठं आहे, तिला त्रास देऊ नको. म्हणून मी सांगते. ये. गिफ्ट नको आणू. आईला भरवायला लागतं, अंघोळ घालायला लागते, ते मी तुला शिकवीन.

नाहीच जमणार तर मंडळाच्या ग्रुपवर लिही, स्वरा शाळेत जात नाही. का जात नाही ते पण लिही.

खालच्या किराणा दुकानातल्या ओवैसभाईंना जुळ्या मुली झाल्या.

नववीतून काढलेली,
स्वरा