काटा ठरत नाही

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! ट्रकमधून सगळ्यात आधी बाबांची आरामखुर्ची उतरवली, कारण ती उतरेपर्यंत बाबा दुसऱ्या कशालाच हात लावू देईनात. जागा नोकरीबरोबरच मिळाली आहे. खाली कार्यशाळा, वर आमच्या दोन खोल्या, मधे अंगण. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. मला तेवढं पुरे.

जिन्यात मधेच थांबून बाबांनी भिंतीचं कौतुक केलं. त्या भिंतीत कौतुक करण्यासारखं काहीही नव्हतं. दम लागला की ते असंच कशाचं तरी कौतुक करत उभे राहतात. उभी हयात बॉयलरच्या खोल्यांत काढली, आता त्यांची छाती केटलीसारखी वाजते. मी म्हटलं, खरंच छान आहे हो भिंत. मग दोघंही हसलो.

मालक भला माणूस वाटला. स्वतः पलंग चढवू लागला.

४ मार्च, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. एसी आणि हीटर दुरुस्त करणारे कारागीर आपली मोजमापाची यंत्रं आमच्याकडे आणून टाकतात: थर्मामीटर, गॅस भरायचे गेज, हवेचा वेग मोजणारे पंखे. वापरून वापरून ती थोडी थोडी खोटं बोलायला लागतात. मी त्यांना आमच्या अचूक ‘मास्टर’ यंत्राशेजारी बसवते, किती चुकतात ते बघते, आणि सुधारून परत पाठवते. बाबांना हे काम फार आवडतं. म्हणतात, माणसं सुधारण्यापेक्षा बरं.

माझी कामाची खोली अंगणाच्या टोकाला आहे. खिडकी नाही, दाराला जाड काच. आत वर्षभर एकच तापमान, एकच दमटपणा. हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवलाय, म्हणजे दार उघडलं तरी धूळ आत शिरत नाही. तो दाब दाखवणारा गोल गेज दाराशेजारी भिंतीवर आहे. मालकाने सगळं दाखवलं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून. म्हणाला, माझ्या चपला मळक्या आहेत.

७ मार्च, शुक्रवार

आज एक गिऱ्हाईक आलं, त्याला सगळे ‘थंडोबा’ म्हणतात. शीतगृहं दुरुस्त करतो, आणि बोलतोही तसाच, एकेक शब्द गोठवून. त्याला त्याचं थर्मामीटर चुकतंय हे काही पटेना. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी घालून त्यात मास्टर आणि त्याचं यंत्र दोन्ही बुडवली. मास्टर शून्यावर, आणि याचं दोनच्या वर. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला की म्हणजे बायको खरं सांगत होती, आमचा फ्रीज बिघडलेला नाही. बाबा हसून हसून खोकले.

बाबा वर कंटाळतात म्हणून त्यांची खुर्ची मी खोलीतच आणून ठेवली आहे.

११ मार्च, मंगळवार

बाबांची छाती वाजत नाही!

चार दिवस खोलीत बसताहेत आणि तोंडात फवारायचा पंप खिशातून निघालेला नाही. कोरडी, स्वच्छ हवा मानवली असणार. दादाला फोन करून सांगितलं. तो तिकडे परदेशात, त्याचा जीव भांड्यात पडला. ही नोकरी नकोच म्हणणारा तोच होता.

एक बारीक कटकट आहे. भिंतीवरच्या गेजचा काटा ठरत नाही. हळूच चढतो, हळूच उतरतो. एसीच्या चालण्याशी मेळ नाही. एसी बंद केला तरी हलतोच.

१२ मार्च, बुधवार

दाराचं रबर तपासलं. ठीक आहे. वारा म्हणावा तर अंगणातलं पानही हलत नव्हतं. मग गेजच्याच दोन्ही तोंडांना एक नळी जोडली. तसं केलं की दोन्हीकडे एकच हवा, काटा शून्यावर यायलाच हवा. आला, आणि अजिबात हलला नाही.

म्हणजे गेज बरोबर आहे. हलतेय ती खोली.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तुझा बाप घोरत असेल. खरंच, त्यांच्या श्वासाकडे बघितलं तर काटा बरोब्बर त्याच तालावर होता. मी खूप हसले. एका म्हाताऱ्याच्या श्वासाने खोलीचा दाब हलावा! केवढा नाजूक गेज.

१३ मार्च, गुरुवार

बाबा जेवायला वर गेले होते. खोलीत मी एकटी. मी श्वास रोखून धरला.

काटा चढत होता, उतरत होता.

१४ मार्च, शुक्रवार

आज दिवसभर हातात काम घेतलं आणि केलं काहीच नाही. नुसती बघत बसले. आधी काटा, मग बाबा. काटा चढतो, आणि त्याच्यामागून बाबांची छाती फुगते. काटा उतरतो, मग छाती बसते. एकदा काटा मधेच थबकला. बाबाही थबकले, पेपर वाचता वाचता. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. काटा हलला, बाबांनी श्वास सोडला, पान उलटलं.

  उद्यापासून खुर्ची वर.

१६ मार्च, रविवार



काल बाबा दिवसभर वरच होते, पण चिडचिड करत, सारखे गॅलरीतून त्या दाराकडे बघत. आज म्हटलं जरा फिरून येऊ. कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो. मी भाजीबद्दल काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर बाबा शांत बसलेले, डोळे उघडे, चेहऱ्यावर त्रास नाही, आणि छाती हलत नव्हती. ओठ निळे पडले होते. धाप नाही, तडफड नाही. जणू श्वास घ्यायचं राहूनच गेलं होतं.

मी ओरडले, बाबा, श्वास घ्या! त्यांनी घेतला, आज्ञाधारक पोरासारखा. मग पुन्हा थांबले. मी पुन्हा ओरडले. हॉस्पिटलपर्यंत रिक्षात मी हेच करत होते, घ्या, सोडा, घ्या, सोडा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं या वयाच्या मानाने उत्तम आहेत. कसलंतरी मानसिक दडपण असेल. मशीन लावायची गरज वाटत नाही, उद्या पुन्हा दाखवा.

परत आणलं. मला दुसरं काही सुचलं नाही. खोलीत नेलं. खुर्चीत बसवलं. काटा चढला, आणि बाबांनी न सांगता भरभरून श्वास घेतला.

१७ मार्च, सोमवार

मालकाला धरलं. आधी विषय टाळत होता. मग अंगणातच खाली बसला आणि रडला.

ही खोली त्याच्या थोरल्या भावाने बांधली. भाऊ वर्षानुवर्षं तिथेच काम करायचा, पुढे पुढे तिथेच झोपायला लागला. बाहेर यायला सांगितलं की म्हणायचा, बाहेर जमत नाही. घरच्यांना वाटलं डोकं फिरलं. एक दिवस मालकाने आणि आणखी दोघांनी त्याला उचलून बाहेर काढलं. अंगण ओलांडायच्या आत तो गेला. सगळ्यांसमोर, भर दुपारी. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. त्या दिवसापासून काटा हलतो.

मी विचारलं, हे माहीत असून मला ठेवलंत? म्हणाला, तुमच्याआधी दोघे आले आणि गेले, त्यांना काही झालं नाही हो ताई. मला वाटलं, संपलं ते.

त्या दोघांनी आत खुर्ची मांडली नव्हती. ती मी मांडली.

१९ मार्च, बुधवार

बाबांना थोडं थोडं बाहेर काढून बघते. दारात जमतं. पायरीवर मला सांगावं लागतं. अंगणात सांगूनही उशीर होतो.

बाबांना आता सगळं माहीत आहे. म्हणाले, बॉयलरने जे तीस वर्षांत केलं नाही ते या खोलीने आठवड्यात केलं, काम चोख आहे. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, पोरी, तू इथे बसू नकोस. दादाकडे जा. अजून जाता येतंय तोवर जा.

कशी जाऊ? त्यांना जेवायला कोण वाढणार? मालक ताट उंबऱ्यापाशी ठेवतो आणि पळतो.

२० मार्च, गुरुवार

सकाळी वर दूध तापवत होते. खिडकीतून ऊन येत होतं. दूध उतू गेलं, आणि मला गॅस बंद करावासा वाटेना. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. काही दुखत नव्हतं. घाई नव्हती.

मग कळलं, मी श्वास घेत नाहीये.

घे म्हटलं स्वतःला. घेतला. सोड म्हटलं. जिन्यावरून उतरेपर्यंत हेच म्हणत होते. दुसरा कसलाही विचार मनात आला की श्वास विसरतो. खोलीत पाऊल टाकलं आणि —

इतकं सोपं वाटलं. इतकं. बाबा माझ्याकडे बघून रडले.

२२ मार्च, शनिवार

थंडोबा आला होता, मागाहून टाकलेले गेज न्यायला. मी काचेतून ओरडले, आत येऊ नका. त्याला वाटलं कुणी कोंडून घातलंय. आत घुसला, माझा दंड धरून ओढत बाहेर नेलं. मी सांगत होते, नको — आणि सांगता सांगता श्वास राहिला. अंगणात पडले. वर आभाळ दिसत होतं. छान होतं. काही नको होतं.

त्यानेच उचलून परत आत आणलं. शुद्धीवर आले तर तो भिंतीला टेकून काट्याकडे बघत होता. काटा, मग मी. काटा, मग मी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी म्हटलं, जा, आत्ताच जा, इथे श्वास घेऊ नका. नाक-तोंड दाबून धावत सुटला. गेज इथेच राहिलेत.

दादाला फोन लागत नाही. जाड भिंती.

२३ मार्च

काटा पूर्वीइतका चढत नाही. अर्ध्यातूनच उतरतो. आमचे श्वासही तोकडे झालेत. बोलायला श्वास उरत नाही, म्हणून बाबा खुणा करतात.

खोलीचा श्वास एका माणसापुरताच आहे. दोघांना — पुरत नाही.

हे बाबांनी माझ्या आधी ओळखलं. सारखे दाराकडे बघतात. मी त्यांचा हात सोडत नाही. झोपायचं नाही. मी झोपले तर ते —

२४ मार्च

डोळा लागला.

खुर्ची रिकामी. दार उघडं होतं.

दारातून दिसतायत. अंगणात, उन्हात, नळापाशी बसलेत. पाठ माझ्याकडे. हाक मारली. वळत नाहीत.

काटा पूर्ण चढतोय. किती दिवसांनी छातीभर हवा. मला नकोय ती. नकोय —

मालक कुठे आहे? कोणीच नाही. भर दिवसा कोणीच —

एक श्वास भरून घेतला तर नळापर्यंत पोचेन. सांगेन त्यांना. घ्या म्हणेन. ऐकतात ते माझं. मग ओढत आणेन. एवढा एक श्वास पुरेल. काटा चढू दे. चढला की धावते.

उतरला. आता चढेल.

बाबांची मान — हलली का? हलली.

अजून खालीच आहे. मी निघणार हे खोलीला कळलं का?

चढ ना. चढ. त्यांना आणायचंय मला, चढ —

खालीच. मी घे म्हणतेय स्वतःला, घे, घे, आणि श्वास आत