उमरग्याहून जगाच्या टोकापर्यंत

५ मे, सोमवार

काल उपासनेनंतर पाळक नंदीश यांनी बाजूला घेतलं. पुढच्या रविवारी 'जगभर सुवार्ता का सांगायची' यावर बोला म्हणाले. आधी दुसऱ्याला विचारलं होतं, तो आजारी पडला, हेही म्हणाले. तो तपशील गौण. मंडळीत बोलता येणारा माणूस कोण, हे उशिरा का होईना त्यांच्या लक्षात आलं. मी निवृत्त मुख्याध्यापक. आवाज अजून शाबूत आहे.

संकल्प: नुसतं बोलायचं नाही, स्वतः निघायचं. देशही ठरवला. नॉर्वे. उमरग्यातल्या उन्हाचा याच्याशी काही संबंध नाही.

६ मे, मंगळवार

बायकोला, सत्यभामाला, नॉर्वेचं सांगितलं. ती डबा भरत होती. म्हणाली, "तिथली लोकं आधीच ख्रिस्ती हायेत की." घरातून पाठिंबा नसला की मोठी कामं अडतात ती अशी.

डबा कुणाचा, विचारलं. शेजारच्या माणिकप्पाची बायको दवाखान्यात आहे म्हणे. पोटाचं काहीतरी. भाषणाची तयारी असल्यामुळं खोलात गेलो नाही.

दुपारी लाईट गेली. एक ओळ लिहून झाली नाही.

८ मे, गुरुवार

प्रॅक्टिस हवी. म्हणून हायवेवर माणिकप्पाच्या टायरच्या दुकानात गेलो. तो ट्रकचं चाक खोलत होता. मी प्रभूची आज्ञा समजावून सांगितली, सर्व राष्ट्रांत जा. त्यानं पाना खाली ठेवून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे सर, वरनं ऑर्डर आली म्हणून आलाव व्हय?"

तसं नाही, म्हणालो, तुमच्याविषयी कळकळ आहे.

"बरं," म्हणाला, आणि माझ्याकडं बघत राहिला. मी आणखी काही विचारीन असं त्याला वाटलं असावं. टायरमध्ये हवा किती ठेवावी ते विचारून निघालो.

९ मे, शुक्रवार

नुसती चिडचिड. हेतूवर गाडं अडलंय. आज्ञा म्हणून लिहावं तर तो माणूस ऑर्डर म्हणतो. देवाच्या गौरवासाठी म्हणून एक परिच्छेद लिहिला, वाचून पाहिला तर त्यात माझाच गौरव जास्त. प्रेमापोटी म्हणावं तर उदाहरण लागतं. सत्यभामाला विचारलं असतं, पण ती दवाखान्यात. भात गार. एवढ्या मोठ्या कामाला घरात कुणाची साथ नाही.

११ मे, रविवार. दुपारी

भाषण रंगात आलं होतं. लोक डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात दारात माणिकप्पा. ऊर भरून आला. बोलणं थांबवून सगळ्यांना सांगितलं, बघा, गुरुवारी पेरलं ते आज उगवलं. सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले.

तो अवघडला. "माफ करा सर, तुमचं चालू द्या. ताईंला न्यायाला आलोय. बायकोचं दुखणं वाढलं, आत्ताच ऑपरेशन करायचं म्हणलेत. अन् ती म्हणती, सत्यभामाताई आल्याबिगर म्या आत जात न्हाय."

सत्यभामा उठली. तिच्यामागं इतर बायका उठल्या. पाळकही चपला शोधायला लागले. जाता जाता म्हणाले, राहिलेलं पुढं कधीतरी ऐकू.

माझं निम्मं भाषण अजून व्हायचं होतं.

११ मे. संध्याकाळी

दवाखान्यात गेलो. मंडळीच्या वतीनं कुणीतरी जबाबदार माणूस असावा म्हणून. दारात सिस्टरनं अडवलं. पेशंटचे कोण, म्हणाली. शेजारी, म्हणालो. मधे एकच भिंत आहे, कित्येक वर्षांची.

"पेशंटचं नाव?"

माणिकप्पाची बायको, म्हणालो.

"त्यांला सोताचं नाव आसंल की, सर."

असणारच. मला माहीत नव्हतं. बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं सत्यभामा आली. दमली होती, पण चेहरा मोकळा होता. नीट पार पडलं म्हणाली. मी हळूच नाव विचारलं. ती माझ्याशेजारी बाकड्यावर टेकली.

"अयोध्या," म्हणाली.

आता सिस्टरला सांगता आलं असतं. पण आत जायला तोंड नव्हतं.