आपल्या घरात नसलेला बोकड

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आपल्या लहानपणावरचं तुझं पुस्तक पोचलं. थंडीत तुझा पाय अजून दुखतो का, तेल लावतोस का, हे आधीच विचारून घेते, कारण पुढे मायेनं काही विचारण्याची माझी मनःस्थिती राहणार नाही.

पुस्तक मी दवाखान्यात वाचायला घेतलं ही पहिली चूक, आणि बाहेरच्या बाकावर विसरले ही दुसरी. आता दाढ दुखते म्हणून आलेली माणसं गालाला हात लावून खुसुखुसु हसत बसलेली असतात. काल एका गृहस्थांची दाढ कोरत होते (तोंड उघडं, अर्धी जीभ बधिर), तर त्यांनी हाताची चोच करून मला खुणेनं विचारलं, की ते बदक तुम्हाला नक्की कुठे चावलं? अठ्ठावीस वर्षं दातांची डॉक्टर म्हणून मिळवलेली अब्रू एका बदकानं धुळीला मिळवली. माझी मदतनीस, जी एरवी माझ्यासमोर तोंडातून शब्द काढत नाही, तीही कापूस देता देता म्हणाली, "बाई, तुमचं प्रगतिपुस्तक खरंच बोकडानं खाल्लं होतं?"

कुठला बोकड? अरे, आपण तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. घरमालक साधी कुंडी ठेवू देत नव्हता. मांजराचं नाव काढलं तरी बाबांना शिंका यायच्या, आणि तू त्यांच्या टोपीत कोंबडीला अंडी घालायला लावलीस! आपल्या घरात एकही प्राणी नव्हता, धाकट्या. (एक पाल होती. तिला तू पुस्तकात जागा दिलेली नाहीस.) बरं, प्रत्येक प्रकरणात पडतं कोण, तर मी. टबात मी, चिखलात मी, जिन्यावरून बोकडासकट मी. तू मात्र खिडकीपाशी बसून सगळं बघतोस.

आणि वर तुझी फर्माईश, की रविवारी तुझ्या वाचनाच्या कार्यक्रमात मी व्यासपीठावर येऊन हे सगळं खरं आहे असं सांगावं, कारण कुणा समीक्षकानं शंका काढली आहे. मी येणार नाही. आलेच तर खरं काय ते सांगेन, मग तुझं तू निस्तर.

तुझी (सदैव पडणारी)
ताई

ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितेय. तू पाच वर्षांचा होतास. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, सात महिने त्या खिडकीपाशी पडून. काही खात नव्हतास. मग शाळेतून आले की मी रोज एक प्राणी घरी आणायचे, नुसता गोष्टीत. प्राण्याला तू हसत नव्हतास. मी पडले की हसायचास, आणि तेवढ्यात आई तुझ्या तोंडात घास सारायची. म्हणून रोज पडायचे. तुला ते सगळं घडलेलंच आठवतंय हे कळल्यापासून मला धड रागावता येत नाहीये, म्हणून वरचं एवढं लिहिलं.

ता. क. २. रविवारी येते. बदक कुठे चावलं हे कुणी विचारायचं नाही, एवढं आयोजकांना सांगून ठेव. बोकड मी तेव्हा काळा सांगितला होता, तू पांढरा लिहिलास. मी पांढराच सांगेन.