ठिपका घरी निघाला

८ जानेवारी
पोचलो एकदाचा! युकॉन नदीच्या या फाट्यावर टायटसकाकांचं खोपट झकास आहे. छताला भिडलेली लाकडं, वाळवलेला सॅमन मासा, मूस हरणाचं मांस. जनावरांसाठी फासे लावायचं काम मला नवं, पण जमेल. मोबाइल गाव सोडताच गप्प झाला. म्हणून बायकोनं, डोरीननं, सॅटेलाइटचं यंत्र गळ्यातच अडकवलंय. माझा ठिपका तिला घरबसल्या नकाशावर दिसतो, चार ओळी लिहिताही येतात. काकांनी यथेच्छ टर उडवली. म्हणाले, "आमच्या वेळी नवरा जिवंत आहे का, हे बायकोला बर्फ वितळल्यावर कळायचं." मग ते बर्फगाडीवरून खालच्या फाशांकडे गेले. जाताना पुन्हा बजावलं, दाराला कडी नको, येईल त्याला आधी चहा, मग चौकशी. जसं काही आमच्या घरी वेगळं असतं!

१० जानेवारी
तिन्हीसांजेला एकजण आला. पायी! अंगावर बर्फाचा कण नाही. चहा दिला, तो तसाच निवला. शेगडीजवळही बसेना. तुझं घर कुठे, एवढंच त्यानं विचारलं. मीही शहाणा, यंत्र उघडून सगळी वाट दाखवली. नदी, गाव, आमचं दार. त्यानं त्या वाटेवरून सावकाश बोट फिरवलं आणि उठून चालता झाला. उर्मट लेकाचा!

११ जानेवारी
डोरीन चिडलीय. परत निघालास तर सांगायचं तरी, लिहिते. मी खोपटातच आहे, असं कळवलं. थट्टा पुरे, म्हणाली, तुझा ठिपका नदीवर आहे.
बाहेर जाऊन पाहिलं. त्याची येणारी पावलं नाहीतच. जाणारी आहेत. माझ्याच बुटांची, डाव्या टाचेवरच्या ठिगळासकट.

१२ जानेवारी
काका आले नाहीत. मीच पायी निघालोय. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. तो मी नाही, दार उघडू नकोस, लिहिलं. आभाळ भरलंय, यंत्र नुसतं "पाठवत आहे" म्हणतंय. तिचे निरोप मात्र येतात. मिनी खिडकीतून हलत नाही, लिहिते. बाबाचा ठिपका वळणावर आला म्हणून नाचतेय.

१३ जानेवारी
बोटं वळत नाहीत — चालतोय —
डोरीन लिहिते, कुत्री घराखाली दडलीत, तुला ओळखत नाहीत वेडी.
आमच्या दाराला कडी नाही. कधीच नव्हती.

ढग फाटले. गेला! माझा निरोप गेला —

उत्तर आलं. कसला निरोप हा, समोर तर बसलायस, लिहिते. चहा का घेत नाहीस? आणि मिनीला उचलून बाहेर कुठे चा —