पाणमांजर वर का आलं नाही

प्रिय रायना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शेगडीपाशी बसून दोनदा वाचलं आणि बटाटे सोलायला घेतले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. सोफिया शहरातल्या नाटकमंडळीत तुला चांगल्या भूमिका मिळताहेत, ऐकून बरं वाटलं. इथे थंडी हटत नाही. आपल्या बाहुलीनाट्याच्या थिएटरच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकल्यात. मी बाजारात जाताना मुद्दाम पलीकडच्या रस्त्याने जाते.

तू लिहिलंयस, त्या नाटकाची अजून आठवण येते. मला तर दुसरं काही आठवतच नाही. वरून हुकूम आला होता की मुलांना एकजूट शिकवणारं नाटक हवं, आणि ते लिहायला मिळालं म्हणून माझा नवरा त्स्वेतान किती खुशीत होता! गिरणीचं जातं नदीत पडतं, बकरी, ससा, साळू आणि पाणमांजर मिळून ते बाहेर काढतात, एवढीच गोष्ट. पाणमांजराची बाहुली त्याने अक्रोडाच्या लाकडात कोरली होती, पडद्यामागून नाचवायचाही तोच. तुझी बकरी इतकी नखरेल, की तालमीतच आम्ही पोट धरून हसायचो. शेवटी पाणमांजर बुडी मारतं, जातं वर ढकलतं आणि काठावर सगळे गातात, 'आम्ही मिळून केलं!' जातं इतकं जड, की त्स्वेतानला ते उचलायला दोन्ही हात लागायचे. मग पाणमांजर वर आणायला हातच उरायचा नाही. ते खालीच राहायचं. आपल्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते लाल टोपीवाल्या चिमुरडीच्या. टाळ्या थांबल्यावर ती खुर्चीवर उभी राहून ओरडली, "पण सगळं पाणमांजरानेच केलं! हे नुसतेच ओरडत होते! आणि ते वर का नाही आलं? बुडालं का?" आधी सगळे हसले. मग पहिल्या रांगेतला, पक्षाकडून आलेला कारामानोव हसत नाहीये हे दिसलं आणि जो तो घाईने कोट चढवू लागला.

त्याने शेवट बदलायला महिनाभर दिला, तेव्हा तू सुटीवर गावी गेली होतीस. इथे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. त्स्वेतान रोज लिहायचा आणि फाडायचा. सगळ्यांना पाण्यात उतरवलं, तर मला म्हणाला, "पेन्के, अगं, ससा पाण्यात उतरून काय करणार? बुडेल गं तो." दोर बांधून ओढायला लावलं, तरी खाली जाऊन दोर बांधणार कोण? पुन्हा पाणमांजरच. मी वैतागून म्हटलं, "लिही काहीतरी, कोण बघतंय?" तर म्हणाला, "ती टोपीवाली बघतेय ना."

सभा झाली तेव्हा तू परतली होतीस. कारामानोवने विचारलं, "कॉम्रेड, तुमच्या नाटकात समूह म्हणजे नुसते बघे. हे मुद्दाम केलंत?" चूक झाली, एवढं म्हणाला असता तर भागलं असतं. पण हा वेडा म्हणाला, "मुद्दाम नाही. लिहीत गेलो तसं तेच खरं होत गेलं. मुलगी बरोबर बोलली." मग त्याला मंडळीतून काढायचं का, असं विचारलं गेलं. पडद्यामागे बाहुल्या घेऊन तासन्‌तास हात वर धरायची सवय असलेली तुम्ही माणसं. सगळे हात एकदम वर गेले, तुझाही. आपल्या मंडळीने अगदी मनापासून एकजुटीने केलेलं तेवढं एकच काम.

लोकरीच्या गिरणीत त्याला बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लावलं. छातीत कोळशाची धूळ बसली. लाकडाला त्याने पुन्हा हात लावला नाही. मी सुरी आणि अक्रोडाचा तुकडा समोर ठेवायची, तो शेगडीत टाकायचा. तुमच्याबद्दल एक वावगा शब्द बोलला नाही. उलट म्हणायचा, "रायनाचं लेकरू लहान होतं, काय करणार ती?" तो बोलला नाही म्हणून मीही गप्प बसले, आणि ते सगळं माझ्या आत साचत गेलं. शेवटच्या आठवड्यात त्याला कुशीवर वळवायलासुद्धा मी एकटी होते. दारावर कुणी आलं नाही.

आणि आता तू लिहितेस, की तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आपली जुनी मंडळी सगळी बस करून येणार, थडग्यापाशी गाणार, कारामानोवही दोन शब्द बोलणार. रायना, म्हणून हे पत्र. त्यांना सांग, येऊ नका. त्या दिवशी त्याच्या नावाने वाटायची गव्हाची उसळ मी माझ्यापुरतीच शिजवणार आहे. तुला यायचंच असेल, तर त्या बसमधून नको, एकटी ये. आलीस तरी मी दार उघडेन, असं आज सांगवत नाही.

एके काळची तुझीच,
पेन्का